दोन वर्षांच्या उंबरठ्यावरच्या मुलीसोबत परदेशात आठ दिवस, बेत कसा आखावा?

प्रश्न

एकच शहर, धावाधाव नको. निघताना लेक 23 महिन्यांची, परतीच्या आदल्या दिवशी तिला दोन वर्षं पूर्ण होतील. दुपारी एक ते तीन झोपते. तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे आहे. हॉटेल की अपार्टमेंट? स्ट्रोलर न्यावा का?

प्रतिसाद 1

सगळ्यात आधी तिकीट. मांडीवर बसवून नेण्याची सवलत दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच, आणि वय धरतात ते त्या-त्या प्रवासाच्या दिवशीचं. म्हणजे परतीला तिची स्वतंत्र सीट लागणारच. आत्ताच घ्या, ऐनवेळी महागात पडेल. बॅसिनेट, म्हणजे विमानात बाळासाठी लावतात तो छोटा पाळणा, विसरा. वजनाची मर्यादा बऱ्याचदा 10-11 किलोच असते आणि या वयाची मुलं त्यात मावतही नाहीत.

राहायला अपार्टमेंट, तेही वेगळी बेडरूम असलेलं. एकाच खोलीत राहिलात तर आठ वाजल्यापासून अंधारात कुजबुजत बसाल! लिफ्ट आणि वॉशिंग मशीन आहे का ते विचारून घ्या. सकाळी पोचत असाल तर लवकर चेक-इनचंही आधीच ठरवा, एरवी खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही.

प्रतिसाद 2

घड्याळाचं गणित नीट मांडा. घरची एकची झोप तिथे सकाळी साडेनऊला येणार आणि पहाटे तीन-चारला ती टक्क जागी. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सकाळची वेळ ठरलेली कुठलीच तिकिटं काढू नका. झोप रोज तासाभराने पुढे ढकला. संध्याकाळी उजेडात बाहेर ठेवा, पहाटे खोली अंधारी. चौथ्या दिवसापासून सकाळी एक ठिकाण, दुपारी खोलीवर, संध्याकाळी बाग. यापेक्षा जास्त कोंबू नका.

त्यासाठी खोली मध्यवर्ती हवी, परतायला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. लांबचं स्वस्त घर घेतलंत की दुपारची झोप मेट्रोत होते आणि संध्याकाळ रडारडीत जाते.

स्ट्रोलर न्याच, पण एका हाताने मिटणारा, हलका. सिंगापूरच्या मेट्रोत सगळ्या स्थानकांवर लिफ्ट आहेत. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत बहुतेक ठिकाणी जिनेच, तिथे बस बरी. विमानाच्या दारात स्ट्रोलर देताना टॅग लावून घ्या, खालची टोपली रिकामी करा आणि पट्ट्याने बांधा, नाहीतर वाटेत उघडतो आणि चाक मोडतं. उतरल्यावर दारातच मिळेल की सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर, तेही तेव्हाच विचारा.

प्रश्नकर्ती

पडदे पातळ निघाले तर? आणि कान दुखण्याचं काय?

प्रतिसाद 1

सामानात काळं कापड आणि सहा-आठ मोठे चिमटे टाका. पडद्याच्या दांडीला चिमटे लावायचे, कडेची फट चिकटपट्टीने बंद.

कान उतरताना जास्त दुखतात. उतरायला लागल्यापासून, म्हणजे साधारण शेवटचा अर्धा तास, थोडं थोडं पाणी किंवा दूध पाजत राहा. गिळल्याने कानातला दाब सारखा होतो. ती झोपली असेल तर तेव्हा उठवा. सर्दी जोरात असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.