अनुभव धागा: घरात अवघड दिवस असताना जुनी फियाट उभी करणं

घरात कुणाचं मोठं आजारपण चालू असतं, कुणी नुकतंच गेलेलं असतं, किंवा पगार थांबलेला असतो. आणि खाली ताडपत्रीखाली वडिलांची फियाट उभी असते. अशाच दिवसांत ती हाती घेणारे बरेच जण आहेत. बहुतेक गाड्यांचा घात होतो तो अर्ध्यावर सुटल्यामुळे. सगळी गाडी खोलली, मग दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि सहा महिन्यांनी कुठला नट कुठला तेच कळेना.

म्हणून एक विनंती. गाडीच्या आठवणी दुसरीकडे लिहू, इथे काम लिहा: काय, कशाने, किती, आणि कुठे चुकतं. १९६४ च्या ११०० डिलाइटपासून पुढच्या पेट्रोल पद्मिनीपर्यंत (हीच फियाट नंतर प्रीमियर पद्मिनी नावाने निघाली) इंजिन तेच १०८९ सीसीचं, त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला चालते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती. वीस वर्षं पूर्ण होऊन तीही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सीवर हात बसलेले मिस्त्री आता कमी होत जाणार, तेव्हा जे ठाऊक आहे ते लिहून ठेवलेलं बरं. खाली प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं गाव दिलं आहे.

ठाणे

एका वेळी एकच सिस्टिम उघडायची. ब्रेक उघडे असतील तर वायरिंगला हात लावायचा नाही. आणि गाडी कायम चार चाकांवर, ढकलता येईल अशी ठेवायची. सोसायटीत अँब्युलन्स आत घ्यायची वेळ आली तर गाडी दोन मिनिटांत बाजूला झाली पाहिजे. चाकं काढून विटांवर ठेवलेली गाडी अशा वेळी सगळ्यांच्या शिव्या खाते. शिवाय वीट वजनाखाली कधी फुटेल याचा नेम नसतो. वर उचलायचीच असेल तर लोखंडी स्टँड वापरा, आणि ते काम चालू असेपर्यंतच.

रुग्ण झोपलेला असताना तासाभरात, आवाज न करता होणारी कामं भरपूर आहेत: कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, वायपर मोटर, दाराचं कुलूप, काच वर-खाली करायची मशीन. कार्बोरेटर वर्तमानपत्रावर खोलू नका, जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) घरंगळतात. पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये खोला. जेटमध्ये तार कधीही घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल पिते आणि प्लग काळे पडतात. कार्ब क्लीनर आणि हवा पुरते. नीडल वाल्व तपासायला वरचं झाकण उलटं धरा म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बसते, मग पेट्रोल येतं त्या नळीला स्वच्छ रबरी नळी लावून हलकं फुंका. हवा गेली तर वाल्व बदला. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून बघा. तो खडखडत असेल तर तिथून हवा शिरते आणि कितीही स्क्रू फिरवला तरी आयडल बसत नाही. त्याला खराद्याकडून बुश बसवून घेणं हाच उपाय.

पुड्यांवर मार्करने लिहू नका, पेट्रोलचा हात लागला की पुसलं जातं. कागदावर पेन्सिलने लिहून चिठ्ठी पुडीच्या आत टाका. नट-बोल्ट पुडीत टाकण्याऐवजी शक्य तिथे ज्या भोकातून निघाले त्यातच दोन आटे फिरवून ठेवा.

नाशिक

बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनाला बॅटरी जोडून सेल्फ मारणं हा सगळ्यात महागडा उतावीळपणा. अडकलेली पिस्टन रिंग तुटते आणि सिलिंडरला चरे पडतात.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात साधारण २५ मिली, डिझेल आणि पातळ ऑइल निम्मं-निम्मं. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं-थोडं घाला. मग क्रँकच्या पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने, पुढे-मागे अगदी थोडं. जोर लावायचा नाही. पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले की जुनं ऑइल काढा, कारण घातलेलं डिझेल रिंगवरून खाली उतरलेलं असतं. नवीन ऑइल, नवीन फिल्टर. त्यानंतर प्लग बाहेरच ठेवून सेल्फने फिरवा, ऑइलचा दाब येतो का बघा, मगच प्लग लावा.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. नळाचं पाणी घालून घालून हेडचे पाण्याचे रस्ते खाल्लेले असतात. हेड उतरवलंत तर सरळ पट्टी तिरकी आणि आडवी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घाला. ०.०५ मिमीची पात सहज शिरत असेल तर हेड फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करून घ्यायला) द्या. बसवताना मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. एका बाजूने आवळत गेलं की नवीन गॅस्केटही महिन्यात फुंकतं. नंतर साधं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.४ मिमीच्या आसपास, प्लगची ०.६. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. वायरी काढण्याआधी फोटो घ्या.

पेट्रोलपंपाचा डायफ्राम फार दुर्लक्षित राहतो. तो फाटला तर पेट्रोल थेट ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच बंद करा. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग लगेच जातात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. पंपाचं किट आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या, इथेनॉलला चालणाऱ्या घेऊन, एकदमच बदला.

कोल्हापूर

ब्रेकबद्दल थोडक्यात. चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या मॉडेलमध्ये सर्किट एकच, म्हणजे एक पाइप गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून चारही व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या, मास्टर सिलिंडरचं किट आणि होज पाइप एकत्रच बदलायचे. सिलिंडरला आतून खड्डे असतील तर किट घालण्यात अर्थ नाही, सिलिंडरच नवा घ्या. रबर धुवायला ब्रेक ऑइलच वापरा. पेट्रोल किंवा रॉकेल लागलं की रबर फुगतं आणि चाक जाम होतं.

पेडल सोडल्यावरही एखादं चाक धरलेलंच राहत असेल तर आधी होज बघा. बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगून बंद झालेला असतो. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. पेडल दाबायला घरातलं कुणीही चालतं, फक्त 'दाब' आणि 'सोड' हे दोनच शब्द ठरवून घ्या. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ फुंकायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

पुणे

नाशिककरांनी इंजिनाचं सगळं लिहिलंय, मी पत्र्याचं लिहितो. निम्मी गाडी पत्र्यातच असते.

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. त्यामुळे दाराखालचा सिल सडला तर दिसण्यापुरता प्रश्न नसतो, गाडी मधून वाकू शकते. गालिचे काढा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे पत्रा आहे, भद्द आवाज येतो तिथे टोक घालून बघा. सडक्या सिलखाली जॅक लावला की जॅक आत जातो आणि गाडी खाली येते.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत अँगल किंवा चौकोनी पाइप टाचून (वेल्डचे टाके मारून) घ्या. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावायचा नाही. हे टाळलं तर नवा सिल सुंदर बसतो आणि दार लागत नाही. चौकटीचं तिरकं माप कापण्याआधी आणि टाचल्यावर टेपने घ्या, भिंतीवर लिहून ठेवा. फ्लोअरला १८ गेज, बाहेरच्या पत्र्याला २० गेज. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लहरतो, मिग (तार आपोआप पुढे येणारं विजेचं वेल्डिंग) असलेला कारागीर शोधा. टाके २५-३० मिमीवर, एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला, मध्ये थंड होऊ देत. पॅच जुन्या पत्र्यावर नुसता ठेवून वेल्ड केला की दोन थरांत पाणी साचतं आणि गंज दुप्पट वेगाने परततो. सडकं पूर्ण कापूनच नवीन घाला.

लहान भागांचा गंज काढायला सायट्रिक अॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व मागा. लिटरला ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर. सकाळी ब्रशने घासायचं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, लगेच वाळवून प्रायमर. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे भाग यात घालू नका, ठिसूळ होतात. याला आवाज नाही, वास नाही, लक्ष द्यावं लागत नाही. आजारपण असलेल्या घरात मला ही पद्धत सगळ्यात सोयीची वाटते.

लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) २-३ मिमीपेक्षा जाड भरायची नाही. जास्त लागतेय म्हणजे खालचा पत्रा अजून ठोकायचा आहे. सुटे भाग नाना पेठेत विचारा, मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच.

नागपूर

ज्या घरात रुग्ण आहे तिथल्या काही गोष्टी मेकॅनिक सांगत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर फक्त गाडी असते.

घरी ऑक्सिजन सिलिंडर असेल तर ग्रीसचा हात रेग्युलेटरला, नळीला, वाल्वला कधीही लागता कामा नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आले की ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, कपडे बदलूनच खोलीत जा. खोलीच्या दाराशी एक धुतलेला सदरा टांगून ठेवला की विसरायला होत नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) खोलीतलीच हवा ओढतो, म्हणून ती खिडकी ज्या बाजूला उघडते त्या बाजूला पेट्रोल, थिनर, कार्ब क्लीनर काहीही उघडायचं नाही. इंजिन चालू करायचं तर गाडी आधी मोकळ्यात ढकला. बंद गॅरेजमधला धूर जिन्यावाटे वर चढतो.

टू-के पीयू पेंट (हार्डनर मिसळून मारायचा रंग) घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा कापडी मास्क ते अडवत नाही आणि दमेकऱ्याला तर एकदाच पुरतं. प्रायमरपर्यंत घरी, रंग बूथमध्ये.

बंद गाडीत उंदीर राहून गेलेले असतात. सीटमधला काथ्या आणि फ्लोअरवरच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. ब्लीचचं पाणी फवारून दहा मिनिटं थांबा, मग हातमोजे आणि मास्क घालून ओल्या कापडाने उचला. घरात केमोथेरपी चालू असेल तर सीट घराबाहेरच खोला, जुना काथ्या तिथेच पिशवीत बांधा. सीटवाल्याकडे फक्त लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंगा न्या.

ज्येष्ठांनी ही गाडी पूर्वी चालवली असेल तर त्यांच्या हातात सुटा भाग देऊन हा कुठला विचारा. तोल जात असेल तर उभ्याने काही नको. टेबलावर, खुर्चीत बसून नट साइजप्रमाणे लावणं, पितळी भाग घासणं अशी कामं देता येतात.

मुंबई

कागदांचं काम पहिल्या महिन्यातच उरका. मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ ने नाव बदलायला अर्ज करायचा. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. ती मिळेपर्यंत गाडीला पाना लावू नका. खोललेल्या गाडीला भंगाराचा भाव येतो, आणि भावंडांत वाटणीचा विषय निघाला की ते नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं? खर्च कोण करणार आणि विकली तर आधी कुणाचा खर्च वळता करायचा, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मेसेजवरचं 'चालेल' पुढे कुणालाच आठवत नाही.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, फॉर्म २५. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर आधी आणि क्रोम शेवटी. पर्यावरण करही भरावा लागतो.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. नवीन क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. आईला दर आठवड्याला डॉक्टरांकडे याच गाडीतून न्यायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

रत्नागिरी

कोकणात जून ते सप्टेंबर उघडा पत्रा ठेवायचा नाही. संध्याकाळी घासलेल्या पत्र्यावर सकाळी तांबूस थर असतो. जेवढं घासलं तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, लांबी त्याच्यावर. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग दमट हवेत पांढरट पडतो, रंगाचं दिवाळीनंतर बघा. ताडपत्री पत्र्याला चिकटून बांधू नका, खाली घाम धरते. बांबूच्या चौकटीवर, वितभर अंतर ठेवून.

मडगाव

वायरिंगचं दोन ओळींत. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी आधी नवी घाला. ती नसली की सेल्फचा करंट अॅक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून परततो आणि केबल जळते. हेडलाइटला रिले आणि २.५ चौमिमीची वायर वापरा, जुन्या स्विचवरून थेट घेतलं तर स्विच वितळतो.

ठाणे (पुन्हा)

मधेच काही आठवडे थांबावं लागणार असं दिसलं तर एक संध्याकाळ एवढ्यासाठी काढा. बॅटरीचं निगेटिव्ह सोडा आणि बॅटरी घरात आणून महिन्यातून एकदा चार्ज करा. कार्बोरेटरचं भांडं रिकामं करा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, प्लग लावा. चाकांत हवा नेहमीपेक्षा दहा पौंड जास्त. हँडब्रेक सोडलेला, चाकांना ओंडके लावलेले, कारण ओढून ठेवला की शू ड्रमला चिकटतात. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबा म्हणजे उंदीर शिरत नाही, आणि 'घासणी काढा' अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. शेवटी डॅशबोर्डवर एक कागद: काय सुटलेलं आहे, कुठल्या डब्यात आहे, पुढचं काम कोणतं. हा कागद घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.