‘चालण्यावरनंच कळतंय’ : तुमचे अनुभव सांगा

उत्तरेश्वरपेठ
रविवारी मावसबहिणीला बघायला पाहुणे आले होते. पोरगा चांगला, सांगलीला नोकरी, बोलायला मऊ. पाहुणे गेल्यावर कपबशा उचलता उचलता आत्या म्हणाली, "चाल बघितलीस त्याची? हात कसं हलवत हुता. तसला असणार त्यो." झालं, स्थळ मोडलं. मी तिथंच बसलो होतो. पोटात नुसतं कालवलं.

कारण माझ्या धाकट्या भावाला असं कुणी कधी म्हटलं नाही. आठव्या वर्षापासून तालमीत. पहाटे उठून जोर-बैठका, दोन्ही कान मोडलेले, मान अशी की शर्टाचं वरचं बटण लागत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा निकाल आला, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा, त्या रात्री तो मला रंकाळ्यावर घेऊन गेला. भेळ घेतली आणि खाल्लीच नाही, कागद चुरगळत बसला. मग म्हणाला, "आक्का, आजपासनं मी गुन्हेगार न्हाई." मला कळायलाच वेळ लागला. २७ वर्षं एका घरात, एका ताटात जेवलेलो आम्ही.

आमच्याच गल्लीत दुसरा एक मुलगा होता. बारीक आवाज, रांगोळी सुरेख काढायचा. दहावीपर्यंत त्याला सगळे बायल्या म्हणून हाका मारायचे. आज त्याचं लग्न होऊन दोन मुली आहेत, बायकोबरोबर सुखात आहे. त्या रात्री भाऊ स्वतःसाठी रडला नाही, त्याच्यासाठी रडला. "मीबी त्याला तेच वराडायचो आक्का. म्हणजे माझ्याकडं कुणाची नजर जाणार न्हाई."

भावाला विचारूनच लिहितोय. तुमच्याकडं असं काही घडलंय का?

शाहूपुरीकर
दादा, वाचून गलबललं. भावाला माझा नमस्कार सांगा.

उत्तरेश्वरपेठ
दादा नाही हो, ताई 🙂 भावानं आक्का म्हटलेलं लिहिलंय की वर.

शाहूपुरीकर
माफ करा ताई. "बसलो होतो" वाचलं आणि डोक्यात दादाच बसले. मी मूळचा नाशिकचा.

कसबाबावड्याची
अहो आम्ही कोल्हापूरकडच्या बायका "मी आलो, मी जेवलो"च म्हणतो. आजी, आई, मी, सगळ्या. २०११ ला पुण्याला होस्टेलवर गेलो तर पहिल्या आठवड्यात रूममेटनं खोली बदलून मागितली. का, तर ही पुरुषासारखं बोलते, केस बारीक कापते, बुलेट चालवते. मला कुणी काही विचारलंच नाही. वर्षभर मी तोंडातून शब्द काढायच्या आधी क्रियापद तपासत होतो. आता नवरा पुण्याचाच आहे आणि घरात पोरगीपण "मी आलो" म्हणते. बदलणार नाही.

मिरजवाली
आमच्याकडंपण!! मिरजेत सर्रास.

आजरा_घनसाळ
सेम. आईला मुंबईत बँकेत कुणीतरी हसलेलं, तेव्हापासून तिथं ती बोलतच नाही.

राजारामपुरी१२
मी स्वतः गे आहे, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं लिहितो. इंजिनिअरिंगला असताना पेपरात बोटांच्या लांबीवरनं गे ओळखता येतो, असं काहीतरी आलं होतं. रात्री होस्टेलवर पट्टी घेऊन सगळ्यांचे हात मोजले. तर्जनी आणि अनामिका, कुठलं लांब. माझा हात पुढं करताना घाम फुटलेला. मी "पास" झालो. नापास झाला तो बिचारा गडहिंग्लजचा एक, ज्याची मैत्रीण होती. त्याला पुढची तीन वर्षं छळलं आणि मी त्या खोलीत गप्प होतो. अजून त्याला फोन करायचं धाडस झालेलं नाही.
बोटांचं खरं काय आहे, कुणाला माहीत आहे का?

जीवशास्त्र_बाई
डबा भरता भरता लिहितेय, चुका सांभाळून घ्या. २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांनी ते छापलं होतं. गर्भात असताना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन किती मिळालं याचा बोटांच्या गुणोत्तरावर परिणाम होतो, असा त्यामागचा तर्क. समलिंगी आणि बाकीच्यांत फरक दिसला तो मुख्यतः स्त्रियांमध्ये आणि तोही शेकडो हातांच्या सरासरीत. पुढं बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पुरुषांमध्ये काही उरलं नाही. म्हणजे तुमच्या होस्टेलवर मुलगे मोजले तो सगळा खेळच बिनबुडाचा.

त्यातल्या त्यात टिकलेली गोष्ट थोरल्या भावांची. १९९६ पासून ब्लँचार्ड आणि बोगार्ट हे संशोधक मांडत आलेत: एकाच आईच्या प्रत्येक थोरल्या मुलामागं पुढचा मुलगा गे असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशानं वाढते. ऐकायला मोठं वाटतं. पण मुळात १०० त २ धरले तर ते साधारण २.७ होतात. पाच भावांतल्या शेंडेफळाकडं बोट दाखवता येईल का यावरनं? नाही.

आणि २०१९ ला पावणेपाच लाख लोकांची जनुकं तपासून सांगितलं की असा एक कुठला जीन नाहीच. अनेक जनुकं, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. बाकीचं संध्याकाळी.

उत्तरेश्वरपेठ
बाई, आमच्यात तो पहिलाच मुलगा. वर फक्त मी.

मंगळवारपेठ_काका
गणपत पाटील आपल्या कोल्हापूरचेच. तमाशापटातला नाच्या म्हटलं की त्यांचाच चेहरा. ती कंबर, तो आवाज, ते हातवारे सगळं कमावलेलं, कलावंताची मेहनत. लोकांनी ते इतकं खरं धरलं की माणूस संसारी आहे, बायको-मुलं आहेत, हे सांगून पटत नव्हतं. आम्हीसुद्धा पोरवयात थिएटरात शिट्ट्या मारल्यात. २००८ ला गेले. त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं असेल याचा विचार मी साठी उलटल्यावर केला, याचं फार वाईट वाटतं.

कसबाबावड्याची
काका 🙏 पंचगंगेचं काय म्हणतंय? आमच्या इकडं पाणी चढतंय.

मंगळवारपेठ_काका
राजाराम बंधाऱ्याला ३७ फूट झालं सकाळी. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचे दरवाजे अजून बंद आहेत. गाडी वर आणून लाव.

शाहूपुरीकर
कॉम्प्युटर नुसता फोटो बघून ओळखतो म्हणे? ऑफिसात एकजण ठामपणे सांगत होता.

जीवशास्त्र_बाई
२०१७ चं स्टॅनफर्डचं काम. दोन पुरुषांचे फोटो ठेवायचे, एक गे, एक नाही, त्यातला कोणता ते सांगायचं. मशीन ८१ टक्के वेळा बरोबर, माणसं ६१. छापा-काट्यालाही ५० येतातच. पण ते फोटो डेटिंग साइटवरचे, स्वतः निवडून टाकलेले. दाढी, चष्मा, फोटो कुठल्या कोनातून काढला हे सगळं त्यात आलं. चेहऱ्याचं हाड की माणसानं स्वतःला कसं मांडलं, ते वेगळं काढता येत नाही, ही त्यावरची मोठी हरकत. मला तर भीती वाटते. आत्याच्या हातात असलं मशीन आलं तर?

इचलकरंजी_आई
मी कधी लिहीत नाही. माझा मुलगा १६ चा आहे. आवाज अजून बारीक, मुलींच्यात रमतो. सासूबाईंच्या आग्रहानं एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी त्याच्यासमोरच "हार्मोनची इंजेक्शनं देऊ, पुरुष होईल" असं म्हटलं. पोरगं आठ दिवस जेवलं नाही नीट. मी चुकले का? पुढच्या सोमवारी परत बोलावलंय.

राजारामपुरी१२
ताई, नेऊ नका. हात जोडून सांगतो.

समुपदेशक_मी
ताई, आवाजाची काळजी असेल तर बालरोगतज्ज्ञांना वयात येण्याबद्दल तेवढंच विचारा. कुणाकडं ओढ वाटते हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० लाच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ते 'बदलून देणारे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ ला राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय. आणि तो गे आहे की नाही हे आवाजावरनं तुम्हाला, मला, कुणालाच कळणार नाही. त्याला स्वतःलाही अजून माहीत नसेल. सोमवार रद्द करा. मला खाजगीत निरोप टाका.

उत्तरेश्वरपेठ
ताई, भाऊ शेजारी बसून वाचतोय. म्हणतोय, "पोराला म्हणावं तालमीत यायचं असंल तर ये, नसंल तर नुसता चहाला ये."

इचलकरंजी_आई
चहाला येईल तो. क्लासवरनं आला वाटतं, दार वाजलं. नंतर लिहिते.