ओटीपी लॉगिन काढून पासवर्ड परत आणतोय. वेडेपणा आहे का?

कातळावरून:

देवगड तालुक्यातल्या तेवीस बागायतदारांसाठी मी एक साइट चालवतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक थेट आंब्याची पेटी मागवतं, बागायतदार लॉगिन करून ऑर्डर बघतो आणि पेटी गाडीला लावतो. मधे दलाल नाही. डेव्हलपर मीच, सर्व्हर सांभाळणारा मीच आणि हेल्पलाइनही मीच.

पहिल्या वर्षी सगळ्यांसारखंच केलं: मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, आत या. ऐन एप्रिलच्या मध्यावर बोंब झाली. त्यातलं एक पाप माझंच. एसएमएसच्या मजकुरात मी साइटचं नाव बदललं, पण डीएलटीवर, म्हणजे धंद्याच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायच्या यंत्रणेवर, नोंदवलेलं टेम्प्लेट जुनंच राहिलं. मजकूर जुळला नाही की ऑपरेटर मेसेज गाळतो. मेसेज पाठवणाऱ्या माझ्या गेटवेच्या रिपोर्टात मात्र 'सबमिटेड' दिसत होतं, म्हणून दीड दिवस मी कोडमध्येच चूक शोधत बसलो. दुसरं दुखणं कायमचं आहे. बाग सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, घर खाली घळीत. घरात फायबरचं वायफाय आलंय, यूट्यूब धो धो चालतं, पण मोबाइलच्या रेंजची एक कांडी नाही. म्हणजे साइट उघडते आणि ओटीपी येत नाही. माणूस चढून सड्यावर जातो, तिथे मेसेज पडतो, आणि तो खाली येईपर्यंत मुदत संपलेली असते.

यंदा ठरवलंय: पासवर्ड, सेशन (कोण आत आलंय याची नोंद) सर्व्हरवर, त्या नोंदीची खूण असलेली ब्राउझरमधली कुकी ९० दिवसांची. मार्चात एकदा लॉगिन केलं की पाऊस पडेपर्यंत परत विचारायचं नाही. माझं म्हणणं असं की ओटीपी-लॉगिनमध्ये सुरक्षा थोडी आणि डेव्हलपरची सोय फार. जबाबदारी एसएमएसवाल्याच्या गळ्यात बांधून आपण मोकळे होतो. पटत नसेल तर झोडा.

शनवारातला:

झोडतो. तुमच्या तेवीसपैकी किती जण स्वतःचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवतील? माझ्या मते अठरा. उरलेले नातवाचं नाव. २००९ मध्ये रॉकयू या ॲप कंपनीकडचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले, तेही साध्या मजकुरात साठवलेले, आणि त्यांत पहिला नंबर १२३४५६ चा होता. माणूस तेव्हापासून काही सुधारलेला नाही. शिवाय दुसऱ्या साइटवरून फुटलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या तुमच्याकडे लावून बघायचं काम आता यंत्रं करतात, कोणी बसून टाइप करत नाही. ओटीपीत फुटायला काही नसतंच. तुमच्याकडून गळालेच तर मोबाइल नंबर गळतील. पासवर्ड गळला तर त्याच पासवर्डवर चालणारं त्या माणसाचं ईमेल, फेसबुक, सगळंच गेलं.

टेम्प्लेट तुम्ही चुकवलंत आणि शिक्षा ओटीपीला?

रापणवालो:

माझो बापूस तारकर्लीक चार खोल्यांचो होमस्टे चालवता. बुकिंगच्या साइटीचो ओटीपी येवचो तर तेका माडाच्या बुडाक जावन हात वर करून उभो रवाक लागता. पावसात छत्री घेवन. पर्यटक इचारतत, काका काय करतत? मी सांगतंय, लॉगिन करतत.

शनवारातला:

रापणवाले, वायफाय कॉलिंग चालू करून द्या वडिलांना. बऱ्याच फोनवर त्यातून एसएमएसही येतो.

कातळावरून:

ते मी करून पाहिलं. ज्यांचे फोन नवे आहेत तिथे चाललं. सात-आठ जणांचे फोन असे आहेत की त्यांत तो पर्यायच नाही. आणि टेम्प्लेटची चूक माझी, कबूल. पण २०२१ च्या मार्चमध्ये ट्रायने हीच गाळणी लावली तेव्हा मोठमोठ्या बँकांचे ओटीपी अडकले होते आणि सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली होती. तिथे माझी काय कथा.

'फुटायला काही नसतंच' हेही अर्धंच खरं. सहा आकडी ओटीपी म्हणजे १० लाख शक्यता. एका ओटीपीला पाच प्रयत्न दिले तर अंदाज लागायची शक्यता २ लाखांत एक. झकास. पण नवा ओटीपी कितीही वेळा मागता येत असेल तर यंत्र तीच सोडत रात्रभर काढत बसतं. प्रयत्नांवर मर्यादा सगळे घालतात, मागणीवर घालायला विसरतात. सिम स्वतःच्या नावावर वळवून घेणारे आहेतच. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच एसएमएसवरच्या कोडला निर्बंधित प्रकारात टाकलंय.

पासवर्ड मी आर्गॉन२आयडीने हॅश करणार, म्हणजे उलट फिरवता न येणारा ठसा काढून तेवढाच साठवणार. १९ एमआयबी मेमरी, दोन फेऱ्या, ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीप्रमाणे. नवा पासवर्ड फुटलेल्यांच्या यादीशी ताडून बघणार. ती यादी ठेवणाऱ्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटला पासवर्ड पाठवावा लागत नाही. त्याच्या एसएचए-१ या दुसऱ्या पद्धतीच्या हॅशची पहिली पाच अक्षरं पाठवायची, त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात, जुळवाजुळव आपल्याच सर्व्हरवर. मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून चालणार नाही, हे चार ओळींचं काम. आणि मी शब्द मागणारच नाही, वाक्य मागणार. देवनागरीत. 'थोरल्या कलमाला यंदा मोहर उशिरा' हे कुठल्या यादीत सापडेल?

एक वाचक:

जेडब्ल्यूटी, म्हणजे सर्व्हरने सही करून फोनलाच दिलेलं टोकन, का नाही? सेशनचं टेबल कशाला वागवता?

कातळावरून:

९० दिवसांचं टोकन एकदा हातात दिलं की परत मागता येत नाही. त्यासाठी बाद टोकनांची यादी ठेवायची, म्हणजे टेबल आलंच. फोन खाडीत पडला किंवा चोरीला गेला तर मला एक ओळ खोडून मोकळं व्हायचंय. आणि टोकन ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये ठेवलं तर पानात घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचते. एचटीटीपीओन्ली कुकी तिला वाचता येत नाही.

खाडीपल्याड:

देवनागरी वाक्य म्हणालात म्हणून थांबले. मी चिपळूणची, काम पेनटेस्टिंगचं, म्हणजे परवानगीने साइट फोडून बघायचं. आर्गॉन घेताय ते नशीब. बीक्रिप्ट ही जुनी हॅश-पद्धत असती तर ७२ बाइटांच्या पुढचं मोजलंच जात नाही. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे जेमतेम चोवीस चिन्हं. तुमचं वाक्य मी मोजलं. ते 'उशिरा'तल्या 'श'च्या मधोमध तुटतं. 'श' आणि 'त' यांचे पहिले दोन बाइट सारखेच. त्यामुळे 'मोहर उशिरा' लिहा नाहीतर 'मोहर उत्तम', कुलूप दोन्हींनी उघडलं असतं.

आता खरी मेख. 'सातबाऱ्याचा', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य घ्या. एक कीबोर्ड त्यासाठी ऱ हे एकच चिन्ह देतो, दुसरा र आणि खालचं टिंब (नुक्ता) देतो, तिसरा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, हॅश तिन्हींचे वेगळे. पहिल्या दोघांना युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) एकत्र आणतं, तिसऱ्याला आणत नाही. बागायतदाराने फोन बदलला, नवा कीबोर्ड आला, की त्याचा बरोबर पासवर्ड चूक. तुम्हाला हेल्पलाइनवर बसायची भारी हौस दिसते.

आणि जाता जाता: तुमचं स्वतःचं ॲडमिन लॉगिन कशावर आहे?

कातळावरून:

ताई, झेडडब्ल्यूजेचं खरंच ठाऊक नव्हतं. हॅश करण्याआधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजेच्या जागी ऱ-हलन्त घालतो, मग एनएफसी हे नॉर्मलायझेशन. ॲडमिनला पासवर्डच आहे. लांब आहे.

खाडीपल्याड:

लांब आहे! बागायतदाराला आर्गॉन आणि स्वतःला 'लांब आहे'. त्या एका लॉगिनमागे तेवीस जणांचा हंगाम आहे. आजच टीओटीपी, म्हणजे ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड, लावा. मानक २०११ पासूनचं आहे, दर तीस सेकंदांचा कोड फोनच्या आतच तयार होतो. रेंज लागत नाही, घड्याळ तेवढं बरोबर हवं.

अंगठाबहाद्दर:

तुम्ही सगळे जुन्याच भांडणात अडकलाय. पासकी घ्या: पासवर्ड नाही, फोनवर अंगठा लावला की लॉगिन. तिच्यामागचं वेबऑथन हे डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक होऊन २०१९ पासून वर्षं लोटली. खाजगी किल्ली फोनपाशी, सर्व्हरवर फक्त सार्वजनिक किल्ली, त्यामुळे गळायला खरोखरच काही नाही. डोमेनशी बांधलेली असल्यामुळे हुबेहूब खोटी साइट काढली तरी तिथे ती चालत नाही. हे तुमच्या पासवर्डला जमत नाही आणि ओटीपीलाही नाही, माणूस दोन्ही खोट्या पानावर भोळेपणाने टाकून येतो. आजोबा कागदावर अंगठा उठवायचे, नातवाने फोनवर उठवायचा.

कातळावरून:

पटतं. पण हंगामात एका घरात एकच फोन फिरतो. बागायतदार पेट्या भरतोय, फोन वहिनींकडे. संध्याकाळी मुलाकडे. कधी राखणीला असलेल्या नेपाळी गड्याकडे. अंगठा कोणाचा घेऊ?

अंगठाबहाद्दर:

सगळ्यांचे घ्या. एका खात्याला अनेक पासकी जोडता येतात.

खाडीपल्याड:

खातीच वेगळी करा. नाहीतर ऑर्डर कोणी रद्द केली यावरून घरात भांडणं लागतील आणि निवाड्याला तुम्हाला बोलावतील.

शनवारातला:

मूळ प्रश्न तसाच राहिला. पासवर्ड विसरला तर? ईमेल किती जणांना आहे?

कातळावरून:

चार जणांना. बाकीचे मला फोन करतात, मी बदलून देतो. आवाज ओळखतो.

शनवारातला:

आवाज ओळखतो!! म्हणजे आर्गॉन, एनएफसी, एचटीटीपीओन्ली, हे सगळं करून शेवटी साइटची सुरक्षा तुमच्या कानावर. आवाजाची नक्कल आता घरबसल्या होते. आलेल्या फोनवर काहीही बदलून देऊ नका. फोन ठेवा, नोंदवलेल्या नंबरवर तुम्ही उलट लावा.

कातळावरून:

लावला असता हो, पण रेंज?

रापणवालो:

😂😂

निसर्गानंतर:

मी अंजर्ल्याचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज नि टॉवर कित्येक दिवस नव्हते. रेंज मिळेल तिथे गाडी काढून गेलो, आणि तिथे गेल्यावर कळलं की बँकेत नोंदवलेला नंबर भिजून मेलेल्या फोनात आहे. तेव्हापासून मी कागदावर विश्वास ठेवतो. बागायतदाराला एकदाच वापरायचे दहा कोड छापून द्या. साइटवर त्यांचे फक्त हॅश ठेवा, वापरलेला बाद करा. आमच्याकडे प्रत्येक घरात सातबाऱ्याची प्लास्टिकची पिशवी असते. घर पडलं तरी ती पिशवी घेऊन माणूस बाहेर येतो. कोड त्यात.

शनवारातला:

कागदावर किल्ली? कपाटातून कोणीही उचलेल.

निसर्गानंतर:

कपाटातून उचलणारा घरातलाच. त्याला तुमचा ओटीपीही दिसतो, फोन तिथेच चार्जिंगला असतो. रशियातून येणाऱ्याला आमचं कपाट उघडता येत नाही.

शनवारातला:

हे बरोबर आहे, मागे घेतो. बाकी कायद्याचंही बघून ठेवा. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आणि सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश: घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, लॉग १८० दिवसांचे ठेवायचे.

कातळावरून:

२५० कोटी वाचून चहा सांडला. एवढे पेट्या मोजूनसुद्धा होत नाहीत.

खाडीपल्याड:

तीन दिवस पुढच्या दाराच्या कुलपावर चर्चा चाललीय. मागची पडवी कोणी बघितली का? गिऱ्हाइकाला पावती कशी जाते?

कातळावरून:

व्हॉट्सॲपवर लिंक. शेवटी पावतीचा क्रमांक. उदाहरणार्थ ४१२.

खाडीपल्याड:

४१३ टाकून बघा. लॉगिन न करता, दुसऱ्या ब्राउझरमध्ये.

कातळावरून:

उघडली.

वरळीच्या एका बाईंचं नाव, पत्ता, फोन, पाच डझनांची पेटी, 'वॉचमनकडे ठेवा' ही सूचनासुद्धा. ४१४ पण उघडली. १ पासून सगळ्या उघडतात.

खाडीपल्याड:

म्हणून विचारलं. ओवास्पच्या धोक्यांच्या यादीत 'ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल' २०१७ ला पाचवं होतं, २०२१ ला पहिलं आलं. लॉगिनवर लोक आठवडाभर भांडतात, आणि 'ही पावती या माणसाची आहे का' ही एक ओळ लिहायची राहते. आता क्रमांकाच्या जागी लांबलचक यादृच्छिक अक्षरं टाकून गप्प बसू नका. ती टाकाच, पण लिंक पुढे पाठवली जाते, ग्रुपवर फिरते. मालकी तपासा, आणि लिंकला मुदत घाला.

शनवारातला:

मी आत्ता उठून आमच्या प्रॉडक्टमध्ये बघितलं. आमच्याकडे लॉगिन विचारतं. लॉगिन झालं की मग कोणाचंही इनव्हॉइस दिसतं. आता दोन दिवस मी इथे काही बोलत नाही.

कातळावरून:

पावतीचं पान बंद केलं. मालकी तपासणारी ओळ घातली, सात मिनिटं लागली. ॲडमिनला टीओटीपी लावला. आता कोणी आधीच १ पासून ओळीने वाचून गेलंय का ते लॉगमध्ये शोधतोय, पण माझ्याकडे लॉग पंधरा दिवसांचेच आहेत. डिस्क भरते म्हणून मीच जुने उडवत होतो. त्या पंधरा दिवसांत तरी तसं काही दिसलं नाही. आधीचं सांगता येणार नाही.

अंगठाबहाद्दर:

गिऱ्हाइकांना कळवणार?

कातळावरून:

कळवावं लागेल. सगळ्यांना. बागायतदार म्हणतील, गप्प बस, हंगाम तोंडावर आलाय. पण पत्ते त्यांचे नाहीत आणि माझेही नाहीत.

रापणवालो:

मगे शेवटी काय ठरला? पासवर्ड काय ओटीपी?

कातळावरून:

पासवर्डच, नि पिशवीतले कोड. पण ते रात्री. आधी ४१३ वाल्या बाईंना फोन करतोय, सड्यावर जाऊन.