मुतखडा : कळ थांबली, खडा गेला का? अनुभव लिहा

होळी झाली की आमच्या जळगावात ऊन तापायला लागतं आणि पाठोपाठ ओळखीपाळखीत सुरू होतं, अमक्याला रात्री खड्याची कळ आली, तमक्याला सलाईन लावलं. आजार इतका सर्रास आहे की त्याची धास्ती कुणाला राहिलेली नाही. इंजेक्शन घ्यायचं, पाणी प्यायचं, खडा पडून जातो. ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे पडतातही. मला बोलायचंय ते न पडलेल्या खड्यांबद्दल.

आमच्या ह्यांना डाव्या बाजूला कळ आली होती. सोनोग्राफीत मूत्रनलिकेत ८ मिलिमीटरचा खडा दिसला. गोळ्या मिळाल्या, काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितलं. पण दुखणं लगेच थांबलं, दुकानाचा सीझन होता, ती सोनोग्राफी मागं पडली. पुढं विम्याच्या तपासणीत डावी किडनी सुजलेली निघाली. खडा जागेवरच होता. मधल्या काळात लघवी मागं तुंबत राहिली आणि ह्यांना काहीही जाणवलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, नलिकेत एकाएकी दाब वाढतो म्हणून कळ येते. अडथळा तसाच राहिला तर त्या बाजूची किडनी लघवी कमी बनवायला लागते, दाब उतरतो आणि दुखणं जातं. डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्ही किडन्यांचं काम साधारण निम्मंनिम्मं दिसायला हवं. ह्यांच्या डावीचा वाटा २२ टक्के आला. दुर्बिणीतून लेझरनं खडा काढला, पण गेलेली ताकद पुरती परत आली नाही.

एक साधी सोनोग्राफी. तेवढी झाली असती तर किडनी वाचली असती, हे मला अजून सोसत नाही. म्हणून हा धागा. कळ कशी आली, काय तपासलं, काय उपचार झाले, पुढं काय पाळताय, जे असेल ते मोकळेपणानं लिहा. घरगुती उपायांबद्दलही लिहा, पण खडा केवढा होता आणि गेल्याची खात्री कशी केली, तेही सांगा.

कोल्हापूर

ताई, वाचून वाईट वाटलं. ज्यांना पहिल्यांदाच कळ येईल त्यांच्यासाठी ती कशी असते ते लिहितो. पाठीत, शेवटच्या बरगडीखाली सुरू होते, कमरेवरून पुढं येते आणि जांघेत उतरते. पुरुषांना थेट वृषणापर्यंत जाणवते. लाटेसारखी चढते, जरा ओसरते, परत चढते. मी पलंगावरून जमिनीवर, जमिनीवरून खुर्चीत, परत पलंगावर, असं चाललं होतं. अपेंडिक्सचा माणूस हालचालीला घाबरून गप पडून राहतो, खड्याच्या माणसाला कुठल्याच कुशीवर थारा मिळत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझी येरझार बघूनच ओळखलं. सोबत उलट्या, दरदरून घाम आणि लघवीला लालसर रंग.

डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शननं अर्ध्या तासात माणसात आलो. मात्र ज्यांची किडनी आधीच अधू आहे किंवा पोटात अल्सर आहे त्यांनी हे औषध स्वतःच्या मनानं घेऊ नये, ही तिथलीच सूचना. दुसरी गोष्ट, कळ चालू असताना घरचे तांब्यावर तांब्या पाणी पाजत होते. त्यानं खडा ढकलला जात नाही, उलट मागचा दाब वाढून कळ आणखी चढू शकते. बिअरचंही तेच. भरपूर पाणी प्यायचं ते एरवी, रोज.

माझा खडा ४ मिलिमीटरचा, पाठवणी गोळ्यांवरच झाली. लघवी गाळून घ्यायला सांगितली होती. गाळणीत तो सापडला तेव्हा विश्वास बसेना, एवढ्याशा काटेरी कणानं एवढा उत्पात केला! तो फेकू नका. कशाचा बनलाय हे लॅबमध्ये कळतं आणि पुढचं पथ्य त्यावर ठरतं.

सातारा

मी दुर्गम वाडीवरच्या शाळेत शिक्षिका. शौचालय आहे, पण पाणी नाही, कडीही नाही. त्यामुळे सकाळी घरून निघाले की संध्याकाळी परतेपर्यंत पाणी प्यायचं नाही, हा आम्हा सगळ्या बायकांचा शिरस्ता. एसटीतल्या कंडक्टर ताई, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या मावश्या, वाहतूक पोलीस मुली, सगळ्यांचं असंच. लघवी घट्ट झाली की त्यातले क्षार एकमेकांना धरतात आणि स्फटिक बनायला लागतात. माझ्या दोन्ही किडन्यांत खडे झाले.

डॉक्टर म्हणाले, दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पाणी किती प्यायलात ते मोजू नका, लघवीचा रंग बघा, फिकट हवा. सांगायला सोपं आहे. मला त्यासाठी आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागला, मग पालकसभेत उभं राहून शौचालयाबद्दल बोलावं लागलं. पुरुषांपुढं हा विषय काढताना पहिल्यांदा जीभ अडखळली. पण टाकी बसली, दाराला कडी आली. आता मोठ्या मुलीही शाळेत पाणी पितात. "पाणी पीत जा" असं बायकांना सांगणाऱ्या प्रत्येकानं पुढचा प्रश्नही विचारावा, जायचं कुठं?

कणकवली

कुळीथ आणि पानफुटी आल्याशिवाय हा विषय संपायचा नाही, म्हणून मीच लिहितो. आमच्याकडे कुळथाची पिठी आणि भात हे रोजचंच जेवण. घरात कुणाला खडा झाला की आजी कुळथाचा कढण उकळायची आणि सकाळी पानफुटीची दोन पानं चावायला द्यायची. काकांचा खडा पडला, आत्याचा पडला, उपाय सिद्ध झाला.

माझा ११ मिलिमीटरचा होता. सगळं करून बघितलं, तो हलला नाही. यूरॉलॉजिस्टांनी रागावून न बोलता सांगितलं की छोटे खडे आपसूक पडतात आणि त्या दिवसांत जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. १० मिलिमीटरच्या वरचे क्वचितच पडतात, कढणानं ते फुटत नाहीत. माझा किडनीतच होता, म्हणून बाहेरून लहरींचा मारा करून फोडला. चुरा बरेच दिवस पडत होता. २ सेंटिमीटरहून मोठा असता तर पाठीत छिद्र पाडून काढावा लागला असता.

पिठी मी आजही आवडीनं खातो. फक्त खडा गेला की नाही हे सोनोग्राफीला विचारतो. आणि कमरखाचा (स्टार फ्रूटचा) रस किडनी साफ करतो म्हणून कुणी पाजला तर घेऊ नका. त्यात खडे बनवणारं ऑक्झलेट भरपूर असतं. किडनी आधीच अधू असलेल्या माणसाला तो रस जिवावर बेतू शकतो.

ठाणे

आईचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. सगळ्यात जास्त आढळतो तो हाच प्रकार. कॅल्शियम ऐकून तिनं त्याच दिवशी दूध, दही, ताक, नाचणी सगळं बंद केलं. मूत्ररोगतज्ज्ञांनी दही-ताक परत सुरू करायला लावलं, तेही जेवणासोबत. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोन्ही मिळून शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम तोडलं तर मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. शिवाय साठीतल्या बाईची हाडं.

कमी करायला सांगितलं ते मीठ. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण यांना कात्री. पालक रोज नको. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या बंद. बिनसाखरेचं लिंबूपाणी चालू, कारण त्यातलं सायट्रेट स्फटिक बनायला अडथळा करतं. टोमॅटोच्या बियांची भीती तिनं उगाच धरली होती, ती सोडली.

दुबई

बांधकामावर सुपरवायझर आहे. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे, तरी उरलेल्या वेळातला घाम काही कमी नाही. आमच्या कॅम्पात खडा नवीन नाही. माझ्या बाबतीत वेगळं इतकंच की एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही. सीटी स्कॅनमध्ये खडा दिसला, किडनीत. युरिक ॲसिडचा होता. असे खडे साध्या एक्स-रेत उमटत नाहीत. लघवी फार आम्ल असली की ते होतात, मधुमेह, गाऊट आणि मटणाचा मारा असला की जास्त.

चांगली गोष्ट ही की हा एक प्रकार औषधानं विरघळू शकतो. पोटॅशियम सायट्रेट दिलं, लघवीचा पीएच पट्टीनं घरी मोजून वहीत लिहायला लावला. पुढच्या स्कॅनमध्ये जागा मोकळी होती, ऑपरेशन टळलं. पण पोटॅशियमचं औषध आहे, रक्त तपासल्याशिवाय चालू ठेवायचं नाही.

नाशिक

ताई, तुमच्या प्रश्नाला धरूनच पण उलट्या टोकाचा अनुभव. सासूबाईंना मधुमेह. कंबर थोडी दुखत होती, कळ म्हणावी अशी नव्हती. संध्याकाळी एकदम हुडहुडी भरून ताप आला. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. मोसम पावसाळ्याचा, सगळ्यांना मलेरियाच वाटला. रात्री बोलणं असंबद्ध झालं तसं गाडीत घातलं. रक्तदाब घसरलेला. खड्यानं लघवी अडवली होती आणि मागच्या तुंबलेल्या लघवीत पू झाला होता.

त्या रात्री खड्याला हातही लावला नाही. मूत्रनलिकेत स्टेंटची नळी सरकवून तुंबलेलं आधी मोकळं केलं, अँटिबायोटिक सुरू केली. स्टेंट सरकला नसता तर पाठीतून किडनीत नळी घालायची तयारी होती. खडा काढला तो पुष्कळ नंतर, संसर्ग संपल्यावर. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर हाती लागल्या नसत्या. खडा आणि थंडीताप एकत्र आले की त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात. लघवी पूर्ण बंद झाली किंवा माणसाला एकच किडनी असेल तरीही तसंच. यात अंगावर काढायचं नसतं.

मुंबई

मूत्ररोग वॉर्डात स्टाफ नर्स आहे. स्टेंटचा विषय निघालाच आहे तर माझं एक ऐका. डीजे स्टेंट म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत घातलेली बारीक लवचिक नळी, दोन्ही टोकं वळलेली, म्हणजे जागेवरून सरकत नाही. खडा काढल्यावर सूज उतरेपर्यंत ती ठेवतात. ती असताना सारखी लघवीला होते, जळजळते, लघवी करताना वर किडनीत कळ जाते, जास्त चाललं की लघवी लाल होते. पेशंट घाबरून फोन करतात, पण एवढं अपेक्षित असतं. ताप आला तर मात्र लगेच या.

खरा घात पुढं होतो. बहुतेकांचा स्टेंट काही आठवड्यांत काढायचा असतो. शरीराला त्याची सवय होते, त्रास कमी होतो, माणूस गावी जातो, पेरणी येते, लग्न येतं आणि नळी आतच राहते. मग तिच्यावरच क्षार बसतात. वर्षांनी आलेल्या पेशंटांच्या नळीची दोन्ही टोकं दगड झालेली मी पाहिली आहेत. पाच मिनिटांत निघणारी वस्तू, तिला मग दोन-दोन, तीन-तीन ऑपरेशनं लागतात. मी डिस्चार्जच्या वेळी वहीत पेशंटचा नंबर घेते, सोबत घरातल्या दुसऱ्या कुणाचाही घेते आणि तारीख आली की फोन लावते. डिस्चार्ज कार्डावर "स्टेंट आत आहे" आणि काढायची तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका.

खर्चासाठी थांबलेल्यांना सांगते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

जळगाव

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या नात्यातल्या सगळ्यांना पाठवलं. एकाच्या पोटात स्टेंट निघाला, तारीख उलटून गेलेली. उद्या जातोय तो.

अकोला

इथल्या उन्हाचं सांगायला नको, पण माझ्या बाबतीत उन्हावर आणि पाण्यावर सगळं ढकललं गेलं. खडा काढायचा, परत व्हायचा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एकदा खडा झाला की दहा वर्षांत साधारण निम्म्या लोकांना परत होतो म्हणतात, त्यामुळे कुणाला वावगंही वाटलं नाही. त्यात अंग मोडून यायचं, बद्धकोष्ठ, सदा थकवा. घरचे म्हणायचे, वय झालं.

नवीन डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमा करायला लावली आणि रक्तातलं कॅल्शियम तपासलं. जास्त निघालं. मग पीटीएच हे पॅराथायरॉईडचं हार्मोन तपासलं, तेही वाढलेलं. गळ्यात थायरॉईडच्या मागं चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्यातली एक सुजून हाडातलं कॅल्शियम रक्तात ओतत होती. हाडांची घनता तपासली तर तीही उतरलेली. ग्रंथी काढली. गळ्यावर बारीक व्रण आहे. त्यानंतर अंगात जी तरतरी आली ती मी कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती. दर वर्षी सोनोग्राफी करते, नवीन खडा नाही.

ज्यांना पुन्हा पुन्हा खडे होतात, दोन्ही बाजूंना होतात किंवा लहान वयात झालेत, त्यांनी पुढच्या भेटीत रक्तातल्या कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना विचारा. माझी ती एक तपासणी फार उशिरा झाली.