फिजिशियन असिस्टंट म्हणजे कंपाउंडर नव्हे

फिजिशियन असिस्टंट म्हणजे 'शिकलेला कंपाउंडरच की' असं कुणी लिहिलंय, ते मुळीच पटलं नाही. कंपाउंडर पुड्या बांधून द्यायचा. फिजिशियन असिस्टंट डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासतो, ऑपरेशनला टेबलाशी उभा राहतो. १९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी घेतली, ती नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांची. हातात कसब होतं, पण बाहेर त्याला मान्यता नव्हती. बेळगावकरांना हे सांगायला नको. मराठा रेजिमेंटचं गाव आपलं. लष्करातून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालेले किती जण खानापूर-निपाणीकडे नुसते शेती बघतायत!

आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, तोही हृदयशस्त्रक्रियेसाठी. त्याचं मोल मला बाबांच्या बायपासच्या वेळी कळलं. बायपाससाठी त्यांच्या पायातली शीर काढली होती ती एका फिजिशियन असिस्टंट मुलीनं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग उघडून तिनं टाके दाखवले, पाय उशीवर का ठेवायचा, सूज कुठवर चालेल, हे सगळं चक्क आपल्या मराठीत समजावलं. सर्जन राउंडला येऊन मिनिटभरात पुढे गेले होते. आईच्या सगळ्या शंका हिनंच फेडल्या. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या पेशाला अलाइड हेल्थमध्ये, म्हणजे डॉक्टर-नर्सखेरीजच्या आरोग्य पेशांत, जागा दिली आहे. आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत यांची पदं निघायला हवीत.