जुना बोरघाट वर्षातून एक सकाळ जुन्या गाड्यांना द्यावा का?

कार्बोरेटर

आधी प्रस्ताव सांगतो, मग भांडू. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेपाच ते नऊ, खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा जुना घाटरस्ता बाकी वाहतुकीला बंद ठेवायचा आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना चढू द्यायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही, मंत्री नाहीत.

मुंबईत जुन्या गाड्यांच्या रॅल्या होतात, हॉर्निमन सर्कलला बघ्यांची झुंबड उडते, फोटो निघतात. पण सपाट रस्त्यावर रांगत जाणारी गाडी बघून ती काय चीज होती ते कळत नाही. गाडी कळायची घाटात. आमच्याकडे उलट्या दरवाज्यांची फियाट होती, सगळे तिला ‘डुक्कर’ म्हणायचे. खोपोलीला वडील पहिल्यांदा रेडिएटरमध्ये पाणी बघणार, पुढच्या बंपरला लटकवलेली छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, भरून घेणार, इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळणार. इंजिनाच्या उष्णतेने पंपातलं पेट्रोल उकळून वाफ झाली की इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरला काही पोचत नाही आणि गाडी वळणावरच मान टाकते, म्हणून ते फडकं. मग घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद बसवणारी सोय, नव्हता, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे दोनदा क्लच, मारावा लागे. जमलं नाही तर अख्ख्या घाटाला करकर ऐकू जायची आणि आई खिडकीबाहेर बघायची.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, पण रोजच्या वापराला बंदी घातली. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. ठीक आहे. मग निदान रॅली तरी अशी करा की गाडीला घाम फुटेल.

दुचाकी_पनवेल

साहेब, एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. तुमच्या आठवणीतला रस्ता हा आमचा आजचा रस्ता आहे. रविवारी पहाटे खोपोलीच्या कारखान्यांतून रात्रपाळी सुटते. लोणावळ्याकडे राहणारी पोरं त्याच घाटाने वर जातात. त्यांनी साडेतीन तास कुठे थांबायचं? शिंगरोबाच्या पायरीवर?

आणि एकदा नकाशा बघा. वर गेल्यावर जुना रस्ता आणि एक्स्प्रेसवे काही अंतर एकच होतात. तो भाग कोण बंद करून देणार आहे तुम्हाला?

मैलाचा_दगड

हा घाट म्हणजे मोटारींचाच रस्ता, असं तुम्ही धरून चाललाय, ते मला तरी पटत नाही. बोरघाटातला गाडीरस्ता सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० साली खुला झाला. मुंबईत पहिल्या मोटारी आल्या १८९८ मध्ये. म्हणजे जवळपास सत्तर वर्षं त्या रस्त्यावरून बैलगाड्या, टांगे, घोडी आणि पायी माणसं गेली. मोटार हा तिथला उशिरा आलेला पाहुणा.

माझे पणजोबा मैलकुली होते. या घाटातले नव्हे, वरंध्याकडचे, पण काम तेच. नेमून दिलेल्या मैलातले चर साफ ठेवायचे, पावसाळ्यात आलेली दरड बाजूला करायची, खडी फोडून ढीग लावायचे, खड्डा दिसला की त्यात खडी-मुरूम घालून धुमसायचा. घरात मोटारीची आठवण निघाली की ती धुळीची असायची. लांबून भोंगा ऐकू आला की घमेलं उचलून कडेला व्हायचं आणि धूळ खाली बसेपर्यंत तोंडाला पंचा लावायचा. तुमची आई खिडकीबाहेर बघायची तेव्हा बाहेर कोण होतं, हेही कधीतरी लिहा.

कार्बोरेटर

@मैलाचा_दगड, लिहितो की. पण मोटार आली म्हणून तो रस्ता डांबरी झाला, हेही तितकंच खरं. १९२७ साली केंद्र सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीने सुचवलं की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांना द्या. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. म्हणजे पेट्रोल जाळणाऱ्याच्या खिशातून रस्ते सुधारले, आणि त्या रस्त्यांवरून बैलगाडीही गेलीच.

मैलाचा_दगड

जयकर समितीचं श्रेय जयकरांना आणि निधीला, फियाटवाल्यांना नाही. तुमच्या घरची डुक्कर १९२९ साली जन्मालासुद्धा आली नव्हती. आणि पेट्रोल फक्त शेठजींची गाडी जाळत नव्हती, सर्व्हिस मोटारी, म्हणजे तेव्हाच्या उतारूंच्या बसगाड्याही जाळत होत्या. त्यातल्या उतारूच्या तिकिटात तो कर होताच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा याच सर्व्हिस मोटारी मागे भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर चालल्या. चढ आला की उतारूंना खाली उतरवायचे. घाट चढल्याची खरी आठवण त्यांच्या पोटऱ्यांना विचारा.

गॅरेज_नाना

दोघंही वर चढायचंच बोलताय. चढताना गाडी बंद पडते, फार तर मालकाचा अपमान होतो. माणूस मरतो उतरताना.

मी चाळीसेक वर्षं जुन्या गाड्यांखाली झोपलोय. विसाच्या दशकातल्या कितीतरी गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही सळ्यांनी ओढायचे. तेल-बिल काही नाही. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की लायनिंग तापतं आणि पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. म्हणून नियम होता, ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. हे ड्रायव्हर लोकांना रक्तात होतं. आताचे मालक? गाडी ट्रकवर चढवून आणतात, रॅलीच्या जागी उतरवतात, तीन किलोमीटर चालवतात, पुन्हा ट्रकवर. हा राग नाही, बिलं मीच काढतो त्यांची.

फोर्डच्या मॉडेल टीचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, की ती घाट उलटी चढायची. त्यात जादू काही नाही. टाकी सीटखाली, पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरकडे उतरणार. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ मोठा असला की कार्बोरेटर टाकीच्या वर जातो. मग गाडी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये चढवायची. शिवाय रिव्हर्स पहिल्यापेक्षा जास्त ताकदीचा. आज किती जण हे करून दाखवतील? तुमच्या प्रस्तावाला माझा होकार आहे, पण गाडीची परीक्षा घेण्याआधी मालकाची घ्या.

आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. पेट्रोलची वाफही लवकर धरते. खोपोलीत ओलं फडकं गुंडाळून आता भागणार नाही. नळ्या बदलून या, नाहीतर वळणावर आग विझवायला बादली आणा.

नियमवाली

नोंदणीचे नियम इथे खलनायक झालेत म्हणून लिहिते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढची नोंदणी पाच हजार. पन्नास वर्षांची गाडी बाळगणाऱ्याला हे जड नाही. बदल्यात गाडी भंगारात जाण्यापासून वाचते. एक अट मात्र लोक सोयीस्कर विसरतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. वरून १९५० ची आणि बॉनेट उघडलं की आत कुठल्या तरी जीपचं डिझेल इंजिन, अशा गाड्या मी स्वतः पाहिल्यात. त्यांना घाट चढवून कोणता इतिहास कळणार?

रोजच्या वापराला बंदी योग्यच आहे. धूर हा धूरच असतो, तो क्लासिक नसतो. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, पण शेवटच्या काही वर्षांत त्या टॅक्सीत मागे बसून कोण आनंदाने फिरत होतं?

कुर्लेकर

पद्मिनीचं नाव निघालं म्हणून. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ही मोटार कंपनी काढली, कारखाना कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग फियाट. माझे काका तिथे असेंब्लीला होते. त्यांच्या हाताखालून डिलाइट गेल्या, प्रेसिडेंट गेल्या, पद्मिनी गेल्या. स्वतःची गाडी त्यांना कधी जमली नाही. तरी निवृत्तीनंतरही रस्त्यात फियाट दिसली की दरवाजा लागल्याचा आवाज ऐकायला थांबायचे. ‘हा आमच्या पाळीतला नाही’ म्हणायचे. त्यांना कसं कळायचं देव जाणे, मला तर ते थापा मारतात असं वाटायचं.

@नियमवाली, आनंदाने फिरत होतो. मागे सहा माणसं बसायची.

कोल्हापुरी

रस्ता बंद करायला एवढं काय? आमच्याकडे शाही दसऱ्याला छत्रपती मेबॅक गाडीतून दसरा चौकात येतात. रस्ता बंद, गर्दी तुडुंब, कुणी तक्रार करत नाही. जुनी गाडी रस्त्यावर चालते आणि सगळं गाव बघतं.

मैलाचा_दगड

दसरा गावाचा असतो. सोनं लुटायला सगळे येतात. पहाटे साडेपाचला खोपोलीत पन्नास गाडीमालक जमणार, त्याला सण म्हणत नाहीत.

महाडकर

जुन्या रस्त्यांचं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. महाडजवळचा, सावित्री नदीवरचा आमचा दगडी कमानींचा पूल १९२८ चा. लहानपणी एसटीतून जाताना आम्ही त्याच्याकडे कौतुकानेच बघायचो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो गेला, सोबत दोन एसट्या आणि त्यातली माणसं. त्यानंतर कुणी ‘ब्रिटिशकालीन बांधकाम, अजून शंभर वर्षं टिकेल’ म्हणालं की मी तिथून उठतो.

घाटात गाड्या न्यायच्या असतील तर आधी संरक्षक कठडे, मोऱ्या, दरडी यांची तपासणी लेखी मागा. आठवणींवर पूल उभा राहत नाही.

कार्बोरेटर

@महाडकर, मान्य, तपासणी हवीच. पण टोकाचं दुसरं उदाहरणही आहे. याच घाटातला १८३० चा पूल, ज्याला बामच्या जाहिरातीवरून अमृतांजन नाव पडलं, एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस असताना, सुरुंग लावून पाडला. कारण होतं एक्स्प्रेसवेवरची कोंडी आणि अपघात. कारण खरंच असेल. पण पाडण्याआधी त्याचं काय करता येईल यावर गावात, वर्तमानपत्रात, कुठे धड चर्चा झाली? जुनं ठेवायचं तर रोज वापरात ठेवा नाहीतर पाडा, यांच्या मधलं आपल्याला काही सुचतच नाही. वर्षातून एक सकाळ हे ते मधलं आहे.

दुचाकी_पनवेल

त्या पुलाखालच्या कोंडीत कधी दुचाकीवर अडकला होतात का? ट्रकच्या चाकाला गुडघा घासतो तिथे. तो पाडला त्या दिवशी मला एका जाहिरातीचंही दुःख झालं नाही.

गॅरेज_नाना

भांडण मिटणार नाही, म्हणून कामाचं सांगतो. खंडाळ्यापर्यंत जाऊ नका. जिथे एक्स्प्रेसवे मिळतो तो भाग तुम्हाला कुणी देणार नाही, मागूही नका. खोपोलीहून शिंगरोबापर्यंत चढा आणि तिथून त्याच रस्त्याने खाली. उतरताना एकेक गाडी, मध्ये भरपूर अंतर. पूर्ण रस्ता बंद करू नका, एक बाजू चालू ठेवा. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम कायद्यातही आहे, तो जुन्या गाडीवाल्यांनी उतरताना पाळावा, मग ती चढणारी स्प्लेंडर का असेना.

ब्रेक मी तपासणार. हँडब्रेकवर चढावर उभी राहिली नाही ती गाडी परत, मालक कोणीही असो. आणि ज्या मालकाला गाडी येत नसेल त्याने ड्रायव्हर आणावा. जुने ड्रायव्हर अजून आहेत, त्यांना विचारत कोणी नाही एवढंच. एक तर पेणला मुलाकडे राहतो, गुडघे गेलेत, पण आवाजावरून गिअर ओळखतो.

नियमवाली

विमा कोण काढणार? प्रत्येक गाडीचा वेगळा की आयोजकांचा? हे ठरल्याशिवाय पोलिसांकडे अर्जसुद्धा नेऊ नका. अर्जाचा मसुदा करून देईन, पण त्यात ‘वारसा’ हा शब्द एकदाच येईल.

मैलाचा_दगड

नानांच्या ड्रायव्हरला पुढच्या सीटवर बसवणार असाल तर मी बघायला येईन. पाठिंबा देतोय असं समजू नका.

दुचाकी_पनवेल

एक बाजू चालू राहणार असेल तर माझा विरोध थोडा कमी. पण नऊपर्यंत नाही. सातला आटपा. सातनंतर पर्यटक येतात आणि मग त्या घाटात जुनी-नवी सगळी सारखीच अडकते.