ईव्ह फॅनफेस्ट : रेक्याविकच्या वारीला निघताना (अनुभव धागा)

'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ 6 मे 2003 ला सुरू झाला आणि 2004 पासून त्याच्या खेळाडूंचा मेळा, म्हणजे फॅनफेस्ट, आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये भरतो. 2012 मध्ये तो पहिल्यांदा समुद्रकाठच्या हार्पा या काचेच्या सभागृहात आला. चीनचा सर्व्हर सोडला तर सगळे खेळाडू 'ट्रँक्विलिटी' या एकाच सर्व्हरवर असतात. त्यामुळे हार्पाच्या जिन्यात भेटणारा माणूस तुमच्याच विश्वातला असतो. कधी त्याने तुमचं जहाज फोडलेलं असतं, कधी तुम्ही त्याचं. भाषणं घरबसल्या स्ट्रीमवर दिसतात, ही भेट मात्र तिथे गेल्याशिवाय होत नाही. तेव्हा तयारी अशी हवी की तिथला सगळा वेळ माणसांसाठी मोकळा राहील. जाऊन आलेल्या मंडळींनी नेमकं लिहा : काय, किती, कुठे आणि का अडतं. प्रवासवर्णन नको, कामाचं हवं.

* * *

व्हिसापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच गळतात.

आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. 15 दिवसांवर विसंबू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर 3 महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा. विम्याच्या तारखा विमानाच्या तारखांना चिकटवून घेऊ नका, पुढेमागे एकेक दिवस धरा. विमान चुकून मुक्काम वाढला तर तो दिवस विम्याबाहेर राहायला नको.

नेहमीची चूक : तीन दिवस फॅनफेस्ट, पुढे सहा दिवस पॅरिस, आणि अर्ज मात्र आइसलँडकडे. साधारणपणे जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. 

फॅनफेस्टचं तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच घ्या. खेळातल्या पात्राचं नाव वेगळ्या रकान्यात विचारलं तर तिथे द्या. पात्राच्या नावाचं तिकीट व्हिसाच्या कागदांना जोडून काही उपयोग नाही. आणि फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅममार्गे जात असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळावर नाही. दोन विमानांमध्ये किमान अडीच तास ठेवा.

* * *

व्हिसा महत्त्वाचा, पण खेळातलं घर आवरल्याशिवाय निघू नका. तुम्ही आइसलँडला चाललात हे शत्रूलाही माहीत असतं.

इंधनाचा हिशोब आधी. स्ट्रक्चरवरच्या, म्हणजे अंतराळातल्या आपल्या तळावरच्या, सगळ्या सेवा मिळून ताशी इंधनाचे 12 ब्लॉक खात असतील तर दिवसाला 288. बारा दिवसांचा प्रवास धरला तर 3,456. त्यावर एक आठवडा राखीव, म्हणजे आणखी 2,016. एकूण 5,472 ब्लॉक. एक ब्लॉक 5 घनमीटर, म्हणजे 27,360 घनमीटर माल. ब्लॉकेड रनर या छोट्या मालवाहू जहाजाच्या एका फेरीत हे मावत नाही, म्हणून हे काम शेवटच्या रात्रीवर टाकू नका. इंधन संपलं की स्ट्रक्चर लो पॉवरमध्ये जातं. तसंच सात दिवस राहिलं की ते बेवारस धरलं जातं, म्हणजे 'अबॅन्डन्ड'. मग रीइन्फोर्समेंट (हल्ल्यात तळ पडण्याआधी मिळणारी बचावाची मुदत) नाही आणि ॲसेट सेफ्टीही (आतला माल वाचण्याची सोय) नाही. पडलं की आतला माल बाहेर.

रीइन्फोर्समेंटचा तास बदलायचा असेल तर निघण्याच्या दहा दिवस आधी बदला, कारण बदल लागू व्हायला आठवडा लागतो. कॉर्पच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटाच्या, डायरेक्टरचे अधिकार किमान दोन जणांकडे ठेवा आणि त्यातला एक फॅनफेस्टला न येणारा असू द्या. सगळे डायरेक्टर एकाच पबमध्ये बसलेत आणि घरी हल्ला चाललाय, ही वेळ कॉर्पवर यायला नको.

बाकी किरकोळ. ग्रहांवरचे एक्स्ट्रॅक्टर (कच्चा माल काढणारी यंत्रं) जास्तीत जास्त 14 दिवसांचे लावता येतात. बाजारातल्या ऑर्डरी 90 दिवसांच्या टाका. ओमेगा (पैसे भरून खेळणारे) असाल तर शिकायच्या स्किलची रांग भरून टाका. फुकट खेळणाऱ्या अल्फाला फक्त 24 तासांची रांग मिळते.

आणखी एक. आइसलँड वर्षभर यूटीसीवर चालतो आणि खेळाचं घड्याळही यूटीसी. विमानातून उतरलात की मनगटावरचं आणि खेळातलं घड्याळ एक होतं. सकाळी 11 ला डाउनटाइम (सर्व्हर रोज थोडा वेळ बंद असतो तो), तोही स्थानिक वेळेनेच. टायमर मनात बदलून घेण्याची सवय तिथे सोडून द्यायची. भारतात बसून बघणाऱ्यांनी साडेपाच तास मिळवायचे.

* * *

राउंडटेबलबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते फॅनफेस्टचा जीव तिथे आहे.

मोठी भाषणं मोठ्या दालनांत होतात. वेळापत्रकात एल्डबोर्ग, सिल्फुरबेर्ग, नोर्दुरल्योस, काल्दालोन अशी नावं दिसतील, ती हार्पाची चार सभागृहं. राउंडटेबल लहान खोल्यांत भरतं : एका बाजूला त्या विषयावर काम करणारे दोन-तीन डेव्हलपर, समोर खेळाडू. खोली भरली की भरली. हवं ते राउंडटेबल असेल तर त्याआधीचं भाषण सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं आधी जाऊन बसा. भाषणाचं रेकॉर्डिंग मिळेल, राउंडटेबलचं मिळेल याचा भरवसा नाही.

बोलायला एक-दोन मिनिटंच मिळतात. म्हणून चिठ्ठी लिहून न्या. चिठ्ठीत तीनच गोष्टी : कुठे अडतं, कोणाला अडतं, आणि एक प्रश्न. उपाय शेवटी, तोही विचारला तरच. अशी चिठ्ठी चालते (फॅक्शन वॉरफेअर म्हणजे खेळातल्या साम्राज्यांमधली लढाई, डी-स्कॅन म्हणजे आसपासची जहाजं दाखवणारं साधन) :

"फॅक्शन वॉरफेअर. छोट्या कॉम्प्लेक्समध्ये बसलेल्या नव्या खेळाडूला शत्रू येतोय हे डी-स्कॅनशिवाय कळत नाही. तो दर दोन-तीन सेकंदांनी एकच बटण दाबत बसतो, किंवा हे बटण त्याला माहीतच नसतं. त्याला हे पहिल्या आठवड्यात कुठे शिकवता येईल?"

यात तक्रार आहे, पण कोणावर आरोप नाही. समोरच्याला लगेच लिहून घेता येतं. याउलट "अमुक जहाज फार भारी आहे, कमी करा" असं म्हटलं की खोलीतले त्या जहाजाचे दहा पायलट उठतात आणि उरलेला वेळ त्यात जातो. जहाजाच्या ताकदीबद्दलच बोलायचं असेल तर झेडकिलबोर्ड या फुटलेल्या जहाजांची नोंद ठेवणाऱ्या साइटवरून गेल्या 30 दिवसांचे आकडे काढून न्या : किती लढाया, त्यातल्या किती एकट्याच्या, कोणत्या प्रदेशात.

बग असेल तर खेळात एफ12 दाबून त्याची नोंद आधीच करा आणि ईबीआरने सुरू होणारा क्रमांक चिठ्ठीवर लिहा. क्रमांक हातात दिला की डेव्हलपरला परत गेल्यावर शोधता येतं. "कधीकधी होतं हो असं" याला पुढे वाट नाही.

"करू का नाही" असं उत्तर तिथे मिळत नाही. मिळतं ते "का अवघड आहे" याचं उत्तर, आणि ते जास्त मोलाचं असतं. तेव्हा पुढचा प्रश्न तोच ठेवा : यात अडचण डिझाइनची आहे की जुन्या कोडची?

* * *

वरच्याला जोड : सीएसएमचे, म्हणजे खेळाडूंच्या प्रतिनिधी समितीचे, सदस्यही तिथे असतात. 2008 पासून खेळाडू मत देऊन ही समिती निवडतात. ते गोपनीयतेच्या कराराने बांधलेले असतात, त्यामुळे "पुढच्या अपडेटमध्ये काय आहे" हे विचारून त्यांना अडचणीत टाकू नका. त्याऐवजी आपला विषय त्यांच्या कानावर घाला. राउंडटेबलमध्ये बोलायला मिळालं नाही तर हा रस्ता खुला असतो, आणि तो वर्षभर चालतो.

डेव्हलपरांना सगळे 'सीसीपी' (ईव्ह घडवणाऱ्या कंपनीचं नाव) लावलेल्या टोपणनावानेच ओळखतात. तुम्हीही आपली ओळख पात्राचं नाव, कॉर्प आणि अलायन्स (कॉर्पची युती) अशी द्या. खरं नाव सांगून समोरच्याला काहीच कळत नाही.

* * *

गुपितांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. लॉबीत लॅपटॉप उघडून लॉगइन करू नका. अकाउंट निवडायच्या पडद्यावर तुमची सगळी पात्रं रांगेत उभी असतात. दुसऱ्या अलायन्समध्ये पेरलेलं एखादं पात्र त्यात असेल तर मागून जाणाऱ्याच्या एका नजरेत दोन वर्षांचं काम संपतं. डिस्कॉर्डच्या सूचना लॉक स्क्रीनवर बंद करा. फ्लीटचं, म्हणजे जहाजांच्या ताफ्याचं, ठिकाण आणि वेळ अशाच फुटतात. लॉगइनचा कोड देणारा ऑथेंटिकेटर ज्या फोनवर आहे तो फोन हरवला तर काय, याची सोय घरूनच करून निघा.

आणि खेळातलं वैर खेळात ठेवायचं. फॅनफेस्टमध्ये शत्रू फ्लीटचा कमांडर स्वतःहून येऊन शेजारी बसतो, लढाई कुठे चुकली ते दोन्ही बाजूंनी जुळवून बघतो. अशा गप्पांतून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही गाइडमध्ये नाही.

* * *

हवामान आणि पैसा, थोडक्यात.

2022 आणि 2025 चे फॅनफेस्ट मेमध्ये झाले, 2023 चा सप्टेंबरमध्ये. मेच्या सुरुवातीला पारा साधारण 3 ते 9 अंशांत असतो, पण खरा त्रास वाऱ्याचा. हार्पा अगदी पाण्याला लागून आहे. छत्री नेऊ नका, उलटी होऊन मोडते. वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं टोपीचं जाकीट, आत एक लोकरीचा थर, त्याच्या आत टी-शर्ट. हार्पात शिरल्यावर आत गरम असतं, तेव्हा एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. मेमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचला पुन्हा वर असतो. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी लागतेच. ध्रुवीय प्रकाश बघायचा मनसुबा असेल तर तो सप्टेंबरचा, मेमध्ये तेवढा अंधारच पडत नाही.

आइसलँडच्या क्रोनाचा कोड आयएसके, खेळातल्या पैशाचाही आयएसके. रोकड जवळजवळ लागत नाही. कार्ड मशीनने रुपये की क्रोना विचारलं तर क्रोना निवडा, नाहीतर मशीनवाल्याचा महागडा दर लागतो. टिप द्यायची पद्धत नाही.

केफ्लाविक विमानतळ शहरापासून 50 किलोमीटरवर, बसने पाऊण तास. बस बीएसआय स्थानकावर सोडते, तिथून हार्पा चालत साधारण दोन किलोमीटर. प्लग दोन गोल पिनांचे, 230 व्होल्ट. आपला बारीक दोन पिनांचा चार्जर बसतो, तीन पिनांचा बसत नाही. 20,000 एमएएचची पॉवरबँक 74 वॉट-अवर भरते, 100 च्या आत आहे म्हणून केबिन बॅगेत चालते. चेक-इन बॅगेत टाकली तर बॅग अडते.

* * *

जहाजाचं मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर छापून नेणाऱ्यांसाठी. सही घ्यायला किंवा कोणाला भेट द्यायला बरेच जण नेतात.

रिफ्टरसारखं मिन्मतार (खेळातल्या एका साम्राज्याचं) जहाज दिसायला भक्कम, पण त्याचे पातळ दांडे आणि अँटेना प्रवासात हमखास मोडतात. ते भाग वेगळे छापा आणि जोडाच्या जागी 3 मिलिमीटर व्यासाचे, 2 मिलिमीटर जाडीचे निओडायमियम चुंबक बसवा. भोक 3.2 मिलिमीटरचं ठेवा, 3 चं ठेवलं तर चुंबक आत जाताना भिंत तडकते. चिकटवण्याआधी प्रत्येक जोडीच्या समोरासमोरच्या तोंडांवर मार्करने ठिपका द्या. एक चुंबक उलटा बसला की दांडा जोडला जाण्याऐवजी ढकलला जातो, आणि सुकलेल्या गोंदातून तो काढताना मॉडेल फुटतं.

दांडे छापताना आडवे झोपवून छापा. उभे छापले तर थरांच्या रेघेवरच तुटतात. छपाईचं पीएलए प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून उन्हातल्या गाडीत ठेवू नका. डब्यात फोम भरताना जहाजाच्या आकाराची खाच कापा, नुसते तुकडे कोंबले तर ते खाली बसतात आणि जहाज हिंदकळतं. सहीसाठी पोटाकडची बाजू सपाट आणि मॅट ठेवा, चकचकीत वार्निशवर मार्करची शाई पुसली जाते.

* * *

पब क्रॉल : डेव्हलपर खेळाडूंचे गट घेऊन शहरातल्या पबमधून फिरतात. दारू न पिणाऱ्यांनीही जावं, कारण दिवसभर कामाच्या चर्चेत अडकलेला माणूस तिथे निवांत बोलतो. आइसलँडमध्ये दारू विकत घ्यायला वय 20 लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा. दुकानातली दारू मुख्यतः सरकारी व्हिनबूदिन दुकानांत मिळते आणि ही दुकानं लवकर बंद होतात, म्हणून जाणकार केफ्लाविकला उतरल्याबरोबर ड्यूटी फ्रीमधून घेतात. शेवटच्या रात्रीच्या पार्टीला कानात घालायचे बोळे न्या. आवाज मोठा असतो, आणि घसा बसला की परतीच्या विमानापर्यंत बोलता येत नाही.

* * *

स्मारकाचं राहिलं. 2014 मध्ये बंदरावर उभारलेल्या ईव्हच्या स्मारकाच्या पायावर त्या वेळच्या खेळाडूंच्या पात्रांची नावं कोरली आहेत. हार्पापासून ग्रांदी या बंदराकडच्या भागाच्या दिशेने चालत वीसेक मिनिटं. अक्षरं फार बारीक आहेत आणि ओली असताना वाचता येत नाहीत, म्हणून कोरड्या हवेत, सकाळी जा. फोनचा टॉर्च बाजूने तिरका धरला की कोरलेल्या कडांना सावली पडते आणि नाव वाचता येतं. समोरून फ्लॅश मारला तर सगळं पांढरं होतं. त्या वेळी खेळणारा आणि आता खेळ सोडलेला कोणी कॉर्पमधला आठवत असेल तर त्याच्या पात्राच्या नावाचं नेमकं स्पेलिंग घरून लिहून न्या आणि फोटो त्याला पाठवा.